पायऱ्या नसलेलं तळं

पुस्तक हातात आलं की काका ते शेवटून उघडत. कादंबरीचा शेवट आधी वाचून टाकणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण काकांना शेवट नको असायचा. त्यांना शुद्धिपत्र हवं असायचं. मागच्या पानावर 'अमुक ओळीत अमुकऐवजी तमुक वाचावे' अशी चिकटवलेली पट्टी सापडली की त्यांचा चेहरा खुलायचा. "माणूस प्रामाणिक दिसतोय," म्हणत ते पुस्तक घरी न्यायचे. पट्टी नसली की चष्मा कपाळावर चढवून मला विचारायचे, "ताई, ह्याने एकही चूक केली नाही म्हणता?" जणू ते पुस्तक मीच लिहिलं होतं.

भाईंदर पश्चिमेला आमचं लहानसं वाचनालय आहे. नोकरीतून लवकर बाहेर पडल्यापासून मी तिथे संध्याकाळी बसते. काका रोज यायचे. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी मुद्रितशोधक म्हणून उभी हयात काढली होती. निवृत्त झाल्यावर इथे, मुर्धा गावाच्या वाटेवरच्या एका नव्या इमारतीत राहायला आले. बिल्डरच्या माहितीपत्रकात इमारतीमागे निळंशार तळं होतं आणि तळ्यात दोन हंस. प्रत्यक्षात मागे पाणी होतं, एवढं खरं. हंस नव्हते, म्हशी होत्या.

दुसरा कोणी बिल्डरशी भांडला असता. काका म्हशींवर खूश झाले. "हंस काय, छापता येतात," ते म्हणाले, "म्हशी खऱ्या पाण्यातच बसतात." त्या दिवसापासून त्या पाण्याला ते 'आपलं तळं' म्हणायला लागले. गावातले लोक त्याला नुसतं 'खड्डा' म्हणत.

आणि मग त्यांना तळ्यांच्या पुस्तकांचं वेड लागलं. "ताई, तळ्यावर काही नवीन आलंय?" हा प्रश्न ते चप्पल काढता काढता विचारायचे. आमच्या संग्रहात तळ्यांवर असं असून असून किती असणार? तरी मी शोधून द्यायचे. काश्मिरातल्या तरंगत्या मळ्यांवरचं, लोणारच्या विवरावरचं, चिलिकाच्या कोळ्यांवरचं, पूर्व विदर्भातल्या जुन्या मालगुजारी तलावांवरचं. आफ्रिकेतल्या सरोवरांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांनी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं आणि परत करताना म्हणाले, "ह्या बुवाने सरोवर विमानातून पाहिलंय. काठावर उतरलाच नाही."

काठावर उतरणं ही त्यांची कसोटी होती. तळं किती लांब, किती खोल, कोणत्या राजाने बांधलं, ह्यात त्यांना रस नसे. धुणं कुठल्या बाजूला धुतात, गुरं कुठून उतरतात, गणपती कुठून सोडतात, पहाटे पहिलं कोण येतं, हे पुस्तकात असलं तर ते पुस्तक चांगलं. नसलं तर परत देताना त्यात एक चिठ्ठी सरकवलेली असायची. 'धुणं कुठे धुतात?' एवढंच लिहिलेली. पुढच्या वाचकाने ती काय समजावी, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. मला पडायचा, कारण लोक मला येऊन विचारायचे.

काकू एकदा त्यांच्याबरोबर आल्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, "ह्यांना समुद्र दाखवला तरी विचारतील, पलीकडचा काठ कुठाय."

असं सगळं सुखाने चाललेलं असताना एका सकाळी तळ्याच्या कोपऱ्यात एक डंपर येऊन डेब्रिज ओतून गेला. कुठल्यातरी पाडलेल्या इमारतीच्या विटा, फरशा, तुटकी कमोडं. दुसऱ्या दिवशी आणखी एक डंपर आला. आपल्याकडे पाणी असं एका दिवसात कोणी बुजवत नाही, हे इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. आधी एक कोपरा जातो, मग त्या कोपऱ्यावर पत्र्याची शेड येते, मग तिथे कधी पाणी होतं हे आठवणारा माणूस म्हातारा होतो.

काका कचेऱ्यांमधून फिरून आले. सगळीकडे एकच उत्तर मिळालं. नोंदीत तिथे तळं नाहीच. जे नाहीच ते बुजवलं म्हणून तक्रार कशी घेणार? त्या संध्याकाळी ते वाचनालयात नुसते बसून राहिले, पुस्तक मागितलं नाही.

सुचवलं ते त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी. हे गृहस्थ मूळचे गुजराती, पण मराठी धडाकेबाज बोलतात. माझ्यासमोरच ते काकांना म्हणाले, "काका, लोड काय घेता? तुम्ही एवढे लिखे-पढे आहात. ह्या तलावची एक हिस्ट्री लिहून काढा ना. देवाबिवाचं काही निघालं तर बेस्ट. मग कोण हात लावतोय?"

"आणि नाही निघालं तर?"

"अरे काका, शोधलं तर निघतंच."

काकांनी शोधायला सुरुवात केली. खांद्याला पिशवी, डोक्याला टोपी, असे ते मुर्ध्याच्या गल्ल्यांमधून फिरायचे. ज्याला त्याला विचारायचे, ह्या तळ्याचं काही सांगा. लोक विचारात पडायचे. त्याचं काय सांगणार? कोणी म्हणालं, पावसात बेडूक फार ओरडतात. कोणी म्हणालं, आमची बकरी पडली होती. काका तेही लिहून घेत, पण चेहरा उतरलेला असे.

मग एक दिवस ते वाचनालयात आले ते जवळपास धावतच. एक आजी भेटल्या होत्या. आगरी, लग्न होऊन मुर्ध्यात आलेल्या, बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या. काका त्यांच्या ओट्यावर टेकले, चहा झाला, आणि आजींनी तळ्याची गोष्ट सांगितली. घरात लग्न निघालं की आदल्या संध्याकाळी तळ्यावर जायचं, हळदकुंकू वाहायचं, पत्रिका ठेवायची आणि भांडी मागायची. सकाळी पायरीवर तांब्यापितळेची भांडी मांडून ठेवलेली असायची. कार्य उरकलं की घासूनपुसून परत नेऊन ठेवायची. पुढे कोणीतरी आळशी सून निघाली, तिने परात खरकटीच ठेवली, आणि तेव्हापासून तळं रुसलं.

मी म्हटलं, "काका, ही गोष्ट तर महाराष्ट्रातल्या निम्म्या तळ्यांची आहे. तुम्हीच मला दाखवली होती, विदर्भाच्या पुस्तकात."

"म्हणूनच तर," ते म्हणाले. "आता आपलंही तळं त्यांच्या पंगतीला बसलं."

पुस्तिका छापली गेली. लहानशीच, पण नेटकी. बेडूक होते, बकरी होती, म्हशी कुठून उतरतात ते होतं आणि मधोमध आजींची गोष्ट होती. मुद्रणाची एकही चूक नव्हती, हे मी खात्रीने सांगते, कारण सापडते का म्हणून मी मुद्दाम दोनदा वाचली. सेक्रेटरींनी ती घरोघर वाटली, गावातही पोचवली. आणि मंडळी, काय सांगू, लोक तळ्याकडे वळून बघायला लागले. कोणी काठावर तुळस आणून लावली. एका कुटुंबाने लग्नाआधी खरोखर हळदकुंकू वाहिलं. डंपर यायचे बंद झाले. पुस्तिकेमुळे झाले की पुढचा रस्ता खणून ठेवला होता म्हणून झाले, ते एक त्या डंपरवाल्यांनाच माहीत.

काका त्या दिवसांत काय दिसायचे. रोज संध्याकाळी ते पुस्तिका घेऊन तळ्याकाठी जाऊन बसत. आपलं छापलेलं आपणच वाचण्यातला आनंद त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळत होता. तोवर सगळं दुसऱ्यांचंच वाचलं होतं.

आणि असंच वाचताना त्यांना ती चूक सापडली.

ते आले तेव्हा मी पुस्तकांवरची धूळ झटकत होते. पुस्तिका माझ्यापुढे ठेवून त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. तो शब्द होता 'पायरीवर'.

"बरोबर आहे की," मी म्हटलं.

"ताई, आपल्या तळ्याला पायऱ्या आहेत का?"

नव्हत्या. चारी बाजूंनी नुसता चिखल, म्हशींच्या खुरांनी तुडवलेला. छपाईत एखादा काना राहून गेला असता तर काकांनी झोपेतसुद्धा पकडला असता. पण गोष्ट हातात आल्याचा आनंद एवढा मोठा होता, की पायऱ्या त्यांच्या नजरेसमोरून उतरून गेल्या आणि त्यांना दिसल्या नाहीत.

ते तसेच आजींकडे गेले. आजींनी काहीही आढेवेढे न घेता सांगून टाकलं. तो खड्डा रस्त्याच्या भरावासाठी माती काढली तेव्हाचा. त्यांच्या डोळ्यांदेखत खणलेला, त्या तेव्हा नव्या नवरी होत्या. आणि गोष्ट? ती त्यांच्या माहेरच्या तलावाची. खाडीपल्याडच्या करंजपाड्याची.

"मग मला इथली म्हणून का सांगितलीत?" काकांनी विचारलं.

"तुमी उन्हातानाचे आयलाव. पावना दारान आयला, त्याला रिकामा कसा पाठवाचा? घरान तवा दुसरा काय नव्हता."

हे सगळं काकांनी मला सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. पाहुण्याच्या हातावर गूळ ठेवावा तशी त्या बाईने गोष्ट ठेवली होती. पण काका हसत नव्हते.

"मी खोटं छापलं," ते म्हणाले. "शुद्धिपत्र काढावं लागणार."

सेक्रेटरींना हे कळल्यावर ते वाचनालयातच येऊन थडकले. त्यांनी अक्षरशः हात जोडले. "काका, छोडो ना. लोक पाया पडतायत, कोणाचं काही नुकसान होत नाही. तुम्ही उद्या छापणार की हा खड्डा आहे, परवा गाडी येणार भरणीची. मग बसा शुद्धिपत्र वाचत."

खरं सांगायचं तर मलाही त्यांचंच पटत होतं आणि मी तसं काकांना सांगितलं. तळं वाचतंय ना, मग एक गोष्ट इकडची तिकडे झाली म्हणून काय बिघडलं? काकांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता.

"ताई, जन्मभर लोकांच्या चुका काढून पोट भरलं. स्वतःची सापडली तर पांघरूण घालू?" मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "आणि तळं गेलं तर त्या म्हशी कुठे जातील, तेही कळत नाही मला."

त्या काळात ते वाळले. पुस्तकं नेत, न उघडता परत आणत. शेवटी एक दिवस म्हणाले, "निदान ते खरं तळं तरी बघून येऊ. छापायचं असेल तर काठावर उतरून छापू." आजींना त्यांनी तयार केलं होतं. आजी पुष्कळ वर्षांत माहेरी गेल्या नव्हत्या, भाऊ वारल्यापासून तिकडे जायला निमित्तच उरलं नव्हतं. मला सोबत घेतलं ते बहुधा आजींना बरं वाटावं म्हणून. भाईंदरच्या जेट्टीवरून आम्ही वसईकडची फेरीबोट धरली. काका कठड्याला धरून उभे, आणि आजी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, मोगऱ्याचा गजरा माळून, सबंध बोटीला सांगत होत्या, "माहेराला चाललंय मी."

पलीकडे उतरून रिक्षा केली. करंजपाड्याच्या तिठ्यावर आजींनी रिक्षा थांबवली आणि भराभर पुढे चालायला लागल्या. एका वळणावर त्या थांबल्या.

समोर पत्र्याचं गोडाऊन होतं. भलंमोठं, निळ्या पत्र्याचं, शटर अर्धं वर. बाहेर ट्रक उभे होते. आजी इकडे बघत, तिकडे बघत. मग त्यांनी मागच्या देवळाचा कळस पाहिला, त्यावरून अंदाज घेतला आणि गोडाऊनकडे हात केला.

"हितंच होता," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता काका म्हणतील चला. पण त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून आजींना दिली, त्यांचं पिऊन झालं आणि मग अगदी हळुवारपणे विचारलं, "धुणं कुठल्या बाजूला धुवायचात?"

आजींचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नसणार. त्या चालायला लागल्या. शटरजवळ जाऊन म्हणाल्या, हिते धुना. ट्रकच्या मागे जाऊन म्हणाल्या, हिते बाप्ये पोहाचे, आमी बगाचो न्हाय, पन बगाचो. पलीकडच्या भिंतीशी पायऱ्या होत्या, त्यातली खालची फुटकी होती, तिथे त्यांच्या आईचा पाय मोडला होता. करंजाच्या सावलीत पोरी सागरगोटे खेळायच्या. गौरी कुठून सोडायच्या, नवऱ्यामुलीला शेवटचं पाणी कुठून भरायला लावायचे, सगळं त्यांनी त्या सिमेंटवर उभं राहून दाखवलं. गोडाऊनमधले हमाल काम थांबवून बघत होते. त्यातला एक हिंदीत म्हणाला, "माताजी का कुछ खो गया है क्या?" काकांनी त्याला हाताने थांबवलं.

परतताना बोटीत काकांनी विचारलं, "आजी, एवढी मोलाची गोष्ट, ती माझ्यासारख्या परक्याला देऊन टाकलीत?"

आजी पाण्याकडे बघत म्हणाल्या, "तलाव गेला, आयकला होता मी. मंग गोष्ट कुठं ठेवू मी? तुमचे पान्याला न्हवती, म्हनून तिकडं ठेवली. राहील बिचारी."

काकांचे डोळे भरून आले होते आणि खाडी संपेपर्यंत ते चष्मा पुसण्याचं नाटक करत होते. मी दुसरीकडे पाहिलं, कारण माझ्याकडे पुसायला चष्मा नव्हता.

शुद्धिपत्र निघालं. काका घरोघर गेले, पुस्तिका मागून घेतल्या आणि प्रत्येकीत स्वतःच्या हाताने पट्टी चिकटवली. पट्टीवर असं होतं:

'भांड्यांची गोष्ट या तळ्याची नाही. हे तळं म्हणजे रस्त्यासाठी माती काढलेला खड्डा आहे. गोष्ट करंजपाड्याच्या तळ्याची आहे. ते तळं बुजवलं गेलं आहे. तिथल्या लेकीने आपली गोष्ट इथे आणून ठेवली आहे. तळ्याने आणि वाचकांनी सांभाळावी.'

आम्ही श्वास रोखून बसलो, आता काय होतं म्हणून. काहीच झालं नाही. शुद्धिपत्र वाचतं कोण? लोकांनी पुस्तिका परत घेतल्या आणि होत्या तिथे ठेवल्या. सेक्रेटरी तेवढे म्हणाले, "हे चांगलं लिहिलंत हां काका," आणि तुळशीला कट्टा बांधून घेतला. काकांना हायसं वाटलं आणि थोडा अपमानही झाला. एवढा जीव टांगणीला लावून खरं बोलावं आणि कोणाला पत्ताही नसावा.

एकीला मात्र होता. काकांनी आजींच्या ओट्यावर बसून ती पट्टी त्यांना वाचून दाखवली, तेव्हा मी तिथे होते. आजींना वाचता येत नाही. 'करंजपाड्याच्या' हा शब्द आला तशी त्यांनी हात वर करून काकांना थांबवलं.

"ते नाव छापलाय?"

"छापलंय."

"कुठं? बोट ठेवा." काकांनी बोट ठेवलं. आजींनी त्यावर स्वतःचं बोट ठेवलं, मासळीचं, खारट. म्हणाल्या, "आता पुन्यांदा वाचा. पयल्यापासून." काकांनी वाचलं. त्यांनी परत वाचायला लावलं. शेजारच्या बायका जमल्या, त्यांच्यासाठी परत. दर वेळी 'तिथल्या लेकीने' हे शब्द आले की आजी पदर सारखा करून बसायच्या.

काका गेले त्याला आता काही काळ झाला. झोपेतच गेले, त्रास नाही, काही नाही. काकू लेकीकडे पुण्याला गेल्या आणि फ्लॅटला कुलूप लागलं. तळं अजून आहे. एक कोपरा गेला तो गेलाच, बाकीच्यात म्हशी बसतात. तळ्यांवरच्या पुस्तकांना आता वाचक नाही. नवीन एखादं आलं की मी नोंद करते, कपाटात लावते आणि उगाच दाराकडे बघते.

गेल्या लग्नसराईत आजी वाचनालयात आल्या. पहिल्यांदाच. पायरीशी चपला काढून, पुस्तकांच्या कपाटांना हात जोडून आत आल्या. नातीचं लग्न ठरलं होतं. हातात पत्रिकांची पिशवी आणि हळदकुंकवाची वाटी.

"पयली देवाला दिली," त्या म्हणाल्या, "दुसरी तलावाला. ही मास्तरांची. त्यांचे दाराला कुलूप हाय."

काकांना त्या मास्तर म्हणत. मला वाटलं, त्यांना कळलं नसावं. मी हळूच म्हटलं, "आजी, काका गेले ना."

"ठाव हाय मला. मंग काय बोलवाचा न्हाय?" त्यांनी वाटी टेबलावर ठेवली. "त्यांचा बुक हाय काय तुमचेकरं?"

मी कपाटातून पुस्तिका काढून दिली. आजींनी तिला बोटाने हळद लावली, कुंकू लावलं, ती उघडून पत्रिका आतल्या पट्टीवर ठेवली आणि पुस्तिका मिटली. मग दोन्ही हात तिच्यावर ठेवून, समोरच्या खुर्चीतल्या माणसाला सांगावं तसं म्हणाल्या, "मास्तर, टायमावर या. पंगत थांबाची न्हाय."